अग्निरथाचा संदेष्टा : एलियाहू हन्नाबी

रेवस बंदरी उतरून अलिबागकडे निघालेल्या यात्रिकास वाटेत कनकेश्वराचा डोंगर दिसतो आणि हात आपोआप जोडले जातात. त्याच तालुक्यात, अलिबागजवळच्या खंडाळा गावी, एक खडक बेने इस्राएल समाजास असाच वंदनीय आहे. एलियाहू हन्नाबींचा अग्निरथ येथून स्वर्गी गेला व त्याच्या खुणा खडकावर उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा. धर्मग्रंथात हे स्थान यार्देन नदीपलीकडे सांगितले आहे. पण भक्तीने त्यांना कोकणचे केले. या सत्पुरुषाचे चरित्र आज आपण पाहू.

हिब्रू भाषेत नाबी म्हणजे ईश्वराचा संदेष्टा. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात इस्राएलच्या उत्तर राज्यावर अहाब राजाची सत्ता होती. राणी ईजबेल हिने बआल दैवताची उपासना राजबळाने वाढविली व संदेष्ट्यांची हत्या आरंभिली. तेव्हा गिलादच्या डोंगराळ मुलखातील एलियाहूंनी राजासमोर उभे राहून, आता आपल्या शब्दावाचून पाऊस पडणार नाही, असे बजावले.

दुष्काळ पडला. करीथ ओढ्याकाठी कावळ्यांनी त्यांस अन्न पुरविले. ओढा आटल्यावर सारफथ येथील एका विधवेने आश्रय दिला. मूठभर पीठ व थोडे तेल एवढेच तिच्या घरी उरले होते. तरी तिने प्रथम अतिथीस भाकर दिली. मग दुष्काळ सरेपर्यंत तिचे मडके रिते झाले नाही. द्रौपदीच्या थाळीची आठवण कोणास होणार नाही? आणि ती विधवा परमुलखातील होती, हेही ध्यानी घ्यावे.

पुढे कर्मेल पर्वतावर बआलाच्या 450 पुरोहितांसमोर एलियाहूंच्या प्रार्थनेने अग्नी उतरला. त्यांनी त्या पुरोहितांचा वधही करविला. पण एवढ्या जयानेही राणीचे मन पालटले नाही. तिने त्यांच्या प्राणांचा पण केला आणि खचलेले एलियाहू रानात मरण मागू लागले. होरेब पर्वतावर प्रथम वादळ, मग भूकंप, मग अग्नी आला. ईश्वर त्यांत नव्हता. अखेरच्या मंद, सूक्ष्म स्वरात तो प्रकटला. अग्नीने शत्रू हरतो, अंतःकरण जिंकले जात नाही, असा बोध आम्ही यातून घेतो.

नाबोथ नावाच्या प्रजाजनाचा वडिलोपार्जित द्राक्षमळा राजास हवा होता. खोटे साक्षीदार उभे करून राणीने त्याचा जीव घेतला. एलियाहूंनी त्याच मळ्यात राजास गाठून पापाचा जाब विचारला आणि राजा पश्चात्तापाने नमला. उपासना कितीही थाटाची असो, दुर्बळाची जमीन लुबाडणाऱ्यास ती तारत नाही.

एलियाहूंच्या नावे ग्रंथ नाही. मात्र बारा लघु संदेष्ट्यांतील शेवटच्या मलाखीने सांगून ठेवले, की ते पुन्हा येतील आणि पिता-पुत्रांची मने जुळवतील.

बेने इस्राएलांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्यास लागले, असे परंपरा सांगते. तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते शनवार तेली. 1948 नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले. तरी शुभकार्यात एलियाहूंचे स्मरण करून पोहे, ओले खोबरे, गोड व फळे यांचा मलिदा वाटण्याची कोकणी रीत त्यांनी तेथेही सोडली नाही. अग्नी उतरविणाऱ्या संदेष्ट्याचे स्मरण असे वाटून खाल्लेल्या घासात राहावे, यातच त्यांच्या चरित्राचे सार आहे.