शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल

इंग्लंडांत सरदारकीचा किताब वतनासारखा बापाकडून थोरल्या मुलाकडे जातो. पण त्याबरोबर गुणही जातात असें नाहीं. १६७२ सालीं राजा दुसरा चार्ल्स यानें अँथनी अ‍ॅश्ली कूपर यांस शाफ्ट्सबरीचे अर्ल केलें. हे मोठे मुत्सद्दी व तत्त्ववेत्ते जॉन लॉक यांचे आश्रयदाते होते. परंतु राजाशीं बिघाड होऊन १६८३ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें, परमुलुखांत, त्यांस मरण आलें. तिसरे अर्ल तत्त्वज्ञानावरील ग्रंथांनीं गाजले. मात्र ह्या किताबास खरी शोभा आणिली ती सातव्या अर्लांनीं.

त्यांचा जन्म २८ एप्रिल १८०१ रोजीं झाला. घरीं ऐश्वर्य होतें, पण आईबापांची माया नव्हती. मरिया मिलिस नांवाच्या घरच्या मोलकरणीनें त्यांस प्रार्थना करावयास शिकविलें. ती त्यांच्या लहानपणींच वारली. तिनें दिलेलें घड्याळ त्यांनीं जन्मभर जपलें.

१८२६ सालीं ते पार्लमेंटांत गेले. त्या काळीं लहान लेंकरें गिरण्यांत व कोळशाच्या खाणींत राबत. १८४२ सालीं त्यांच्या खटपटीनें स्त्रिया, मुली व १० वर्षांखालील मुलगे यांस खाणींत उतरविण्याची बंदी झाली. गिरण्यांतील स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं दहा तासांचा कायदा १८४७ सालीं झाला.

पण विरोधक टोमणा मारीत कीं, आधीं आपल्या बापाच्या शेतमजुरांचे हाल पाहा. हा बोल त्यांस झोंबला, कारण तो खरा होता. वडिलांचा रोष पत्करून त्यांनीं ही गोष्ट उघड बोलून दाखविली. आणि १८५१ सालीं कर्जांत बुडालेली जमीनदारी हातीं येतांच मजुरांसाठीं चांगलीं घरें बांधावयास आरंभ केला.

हिंदुस्थानच्या गिरण्यांतील मुलांचा प्रश्नही त्यांनीं उमरावांच्या सभेंत मांडिला. १८८१ च्या कायद्यानें येथें ७ वर्षांखालील मुलांस कारखान्यांत ठेवण्यास मनाई झाली. बायबल सोसायटीचे ते १८५१ पासून अखेरपर्यंत अध्यक्ष होते.

१ ऑक्टोबर १८८५ रोजीं ते प्रभूमध्यें निजले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेंत त्यांच्यासाठीं उपासना झाली, पण त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांस गांवच्या मंदिरांतच पुरिलें.

प्रिय वाचकहो, आपल्यांतही कोणी पाटील, कोणी पंच, कोणी मंडळीचे वडील आहेत. आपल्या शेतावरील गड्याची मजुरी व निवारा ठीक आहे काय, हें आपण प्रथम पाहावें. आणि ज्या भगिनी आमच्या मुलांस प्रार्थना शिकवितात, त्यांनीं आपलें काम हलकें मानूं नये, असें आम्हांस वाटतें.