रब्बी शलमोन इसहाकी, अर्थात् राशी

कोकणकिनाऱ्यावरील बेने इस्राएल लोकांस पूर्वी शनवार तेली म्हणत असत, हे आपणांपैकी पुष्कळांच्या कानी आले असेल. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथ दिवशी, तो घाणा बंद असे. ह्याच दिवशी देशोदेशीचे यहूदी लोक सभास्थानात मोशेच्या पाच पुस्तकांतील नेमलेला भाग वाचतात. असे एकंदर ५४ भाग असून ते वर्षाच्या अवधीत पुरे होतात. शिवाय प्रत्येकाने तो भाग इब्री भाषेत दोनदा व जुन्या अरामी भाषांतरात एकदा वाचावा, असा त्यांच्या शास्त्र्यांचा नियम आहे. परंतु तेच शब्द वर्षानुवर्षे कानावरून जाऊ लागले म्हणजे जीभ चालते आणि मन दुसरीकडे भटकते. ह्या वाचनातून रोजच्या संसाराला उपयोगी पडेल असा अर्थ ज्याने सामान्य जनांच्या हाती दिला, त्या पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात देत आहे.

रब्बी शलमोन बिन इसहाक हा इ. स. १०४० च्या सुमारास फ्रान्स देशातील त्रुआ नगरात जन्मला. त्याच्या पदवीची व नावाची आद्याक्षरे जोडून लोक त्याला राशी म्हणू लागले; आपल्या पंचांगातील राशींशी ह्या नावाचा काही संबंध नाही. तरुणपणी तो जर्मनीतील माइन्झ व वर्म्स येथील विद्यापीठांत शिकला, आणि सुमारे पंचविसाव्या वर्षी गावी परतला. पुढे त्याने त्रुआ येथे स्वतःची शाळा काढली. तो द्राक्षमळ्यावर पोट भरीत असे असे परंपरेने सांगतात. काही विद्वान ह्याविषयी शंका घेतात. त्याला पुत्र नव्हता. कन्या होत्या, त्यांचे विवाह त्याच्या शिष्यांशी झाले, आणि नातवांपैकी कित्येक मोठे शास्त्री निघाले.

त्याने मोशेच्या पुस्तकांवर टीका लिहिली, तशीच बाबेली तालमूदाच्या बहुतेक भागावरही लिहिली. त्याची रीत साधी होती. एखादा शब्द अधिक आला, किंवा जेथे येऊ नये तेथे आला, की तो तेथेच थांबे. कठीण शब्द आला तर लोकांच्या तोंडचा फ्रेंच शब्द इब्री अक्षरांत लिहून देई. पांडित्य मिरवणे त्याच्या स्वभावात नव्हते. बहुधा दोन ओळींत तो आटोपतो.

उदाहरणे पाहा. आदाम झाडांआड लपला असता देवाने तो कोठे आहे असे का विचारावे? देवाला ते ठाऊक नव्हते काय? राशी सांगतो की घाबरलेल्या माणसावर एकदम दोष न टाकता त्याच्याशी बोलणे सुरू करावे, म्हणून तो प्रश्न. बाबेलचा बुरूज पाहण्यास देव खाली उतरला. ह्यावरून पंचांनी स्वतः पाहिल्यावाचून व समजून घेतल्यावाचून कोणास दोषी ठरवू नये. नील नदीवर काठी मोशेने न मारता अहरोनाने मारली, कारण बाळपणी त्याच पाण्याने मोशेला सांभाळले होते. आणि वेदीला पायऱ्या करू नयेत, ही आज्ञा घ्या. पायऱ्या चढताना खालच्या दगडांचा अवमान होईल असे तो म्हणतो. ज्यांस जाणीव नाही अशा दगडांचीही जर एवढी भीड धरावयाची, तर देवाच्या प्रतिमेप्रमाणे केलेल्या शेजाऱ्याची किती धरावी! ह्यातील पुष्कळ गोष्टी प्राचीन रब्बींच्या आहेत. राशीने त्या निवडून ज्या शब्दापाशी शोभतील तेथे बसविल्या. माझ्या मते ही निवडच त्याची खरी विद्या होय.

जेथे अर्थ लागत नसे तेथे, ह्या शब्दाने काय शिकविले हे मला ठाऊक नाही, असे तो उघड लिहून ठेवी. उपदेश करणारांना हे लिहिणे किती जड जाते, हे आपणांस सांगावयास नको.

त्याच्या उतारवयात, १०९६ साली, पहिल्या धर्मयुद्धास निघालेल्या टोळ्यांनी वर्म्स व माइन्झ येथील यहूदी वस्त्यांचा संहार केला. ज्या नगरांत तो शिकला त्याच ह्या. मारेकऱ्यांच्या अंगावर क्रूसाचे चिन्ह होते, हे आपण ख्रिस्ती लोकांनी विसरता कामा नये. कित्येकांस बळाने बाप्तिस्मा देण्यात आला. असे लोक पुढे आपल्या मंडळीत परत येऊ लागले, तेव्हा त्यांना दूर ठेवावे असे म्हणणारेही होते. राशीने तसे करू दिले नाही. तरवारीच्या धाकाने जे घडले त्याबद्दल त्यांना लाजवू नये, असा त्याचा निर्णय होता. वेदीच्या दगडांविषयी लिहिणारा हात तोच होता.

त्याचा नातू शमुवेल हा त्याच्यापाशी बसून वाद घाली. आजोबा अजून जुन्या कथांना फार जागा देतात, वचनाचा सरळ अर्थ आणखी शोधला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. शमुवेल स्वतः लिहितो की राशीने हे मान्य केले, आणि सवड मिळती तर नित्य नव्याने सुचणाऱ्या अर्थांप्रमाणे दुसरी टीका लिहिली असती असे कबूल केले. तशी सवड मिळाली नाही. ११०५ साली तो त्रुआ येथेच मरण पावला.

निकोलस ऑफ लीरा नावाच्या ख्रिस्ती संन्याशाने चौदाव्या शतकात आपल्या टीकेत राशीचा पुष्कळ उपयोग केला, आणि लीराची टीका मार्टिन लूथराच्या हाती होती. इब्री भाषेतील, छापल्याचे साल दिलेले सर्वांत जुने पुस्तक म्हणजे १४७५ साली इटलीत निघालेली राशीची हीच टीका. सोळाव्या शतकात योसेफ कारो ह्याने यहूदी आचारांचा जो संग्रह केला, त्यात आठवड्याचा भाग वाचताना अरामी भाषांतराऐवजी राशी वाचला तरी चालेल असे ठरविले आहे. म्हणून आजही पुष्कळ यहूदी घरांत मोशेच्या पुस्तकांच्या प्रतीत वर मूळ वचन आणि खाली बारीक अक्षरांत राशी असतो, व मुले टीका वाचावयास शिकतात ती प्रथम त्याच्याच ओळींवर.