हिरवळीवरचे विष आणि रेचेल कार्सन

१९५९च्या नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेमतेम अडीच आठवडे उरले असताना, अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले की काही क्रॅनबेरी फळांवर अमिनोट्रायझोल या तणनाशकाचा अंश सापडला आहे. सणाच्या ताटात क्रॅनबेरीची चटणी हवीच, त्यामुळे देशभर खळबळ उडाली. हे औषध फळे तोडून झाल्यावर मारायचे होते. काही बागायतदारांनी ते आधीच मारले होते. प्रयोगशाळेत ते खाऊ घातलेल्या उंदरांना थायरॉईडचा कर्करोग झाला होता. या प्रकरणाच्या सुनावणीला ५२ वर्षांच्या एक लेखिका हजर होत्या. त्यांचे नाव रेचेल कार्सन.

त्यांचा जन्म १९०७चा, पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल गावचा. कॉलेजात इंग्रजी घेतले, मग जीवशास्त्राकडे वळल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. वडील गेल्यावर घराचा भार अंगावर आला आणि त्यांनी सरकारी मत्स्य खात्यात नोकरी धरली. १९५१मध्ये आलेल्या समुद्रावरच्या पुस्तकाने त्यांना एवढे यश दिले की पुढच्याच वर्षी नोकरी सोडता आली. १९५८मध्ये मॅसॅच्युसेट्सहून एका मैत्रिणीचे पत्र आले: डासांसाठी विमानातून डीडीटी फवारले आणि अंगणातले पक्षी मेले. तिथून ‘सायलेंट स्प्रिंग’ची सुरुवात झाली.

हे पुस्तक डीडीटीमुळे लक्षात राहिले. पण त्यात तणनाशकांवर एक अख्खे प्रकरण आहे आणि घरच्या बागेतल्या विषांचाही वेगळा समाचार घेतलेला आहे. त्या काळी अमेरिकेच्या उपनगरांत क्रॅबग्रास नावाचे हट्टी गवत हिरवळीत दिसणे म्हणजे घरमालकाची नाचक्की. ते मारायच्या औषधांच्या नावावरून आत काय आहे हे कळत नसे; पारा, आर्सेनिक, क्लोरडेन असले पदार्थ त्यांत असत. जाहिरातीत मात्र हसरा बाप, मुलगा, लोळणारी पोरे आणि कुत्रा.

कार्सन यांचे म्हणणे एखाद्या वैद्याने नाडी पाहून सांगावे तसे होते. क्रॅबग्रास माजते ते हिरवळ आणि माती दुबळी झाल्यामुळे. मातीचा कस सुधारला, हवे ते गवत जोमाने वाढले, की क्रॅबग्रासला जागा उरत नाही. नुसते वरून मारत राहिले, तर ते दरवर्षी परत येणार. ताप आला की कारण न शोधता गोळी देण्याची सवय ज्यांना माहीत आहे, त्यांना हे लगेच पटावे.

तरीही त्या सरसकट बंदी मागत नव्हत्या, आणि हे त्यांचे विरोधकच नव्हे, चाहतेही विसरतात. रस्त्याकडेची झुडपे काढायला त्यांनी फ्रँक एग्लर या शास्त्रज्ञाची पद्धत उचलून धरली: सगळीकडे फवारा न उडवता, नको असलेल्या झाडाच्याच बुडाशी औषध लावायचे. २,४-डी हे तणनाशक अंगावर सांडलेल्या काहींना नसांचा दाह, क्वचित लुळेपणाही आल्याच्या नोंदी त्यांनी दिल्या. असे प्रकार विरळा दिसतात, हेही लिहिले. अंगणापुरत्या बागेत खुरपे हाताशी असताना एवढा धोका पत्करावा का, हा हिशेब त्यांनी वाचकावर सोडला.

पुस्तक अर्धे झाले असताना, १९६०च्या एप्रिलमध्ये, त्यांचा एक स्तन शस्त्रक्रियेने काढावा लागला. गाठ कर्करोगाची होती, पण डॉक्टरांनी त्यांना तसे सांगितले नाही. त्या काळी रुग्णापासून, त्यातही बाईपासून, या आजाराचे नाव लपवणे हा शिरस्ताच होता. आपल्याकडेही तो पुरता गेलेला नाही. डिसेंबरमध्ये दुसऱ्या सर्जनकडे गेल्यावर खरे कळले, तोवर आजार पसरला होता. बाटलीत काय आहे ते लोकांना कळले पाहिजे, असे लिहीत असलेल्या कार्सन यांना स्वतःच्या शरीरात काय आहे हे आठ महिने ठाऊक नव्हते. पुढे मात्र त्यांनीच आजार जगापासून लपवला. रसायनांवरचा राग आजारातून आला, असे विरोधकांनी म्हणू नये म्हणून.

१९६२मध्ये पुस्तक आले. रसायन उद्योगाने त्यांना भावनाविवश ठरवायचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने १९६३च्या मे महिन्यात अहवाल दिला, तो बहुतांशी त्यांच्या बाजूचा होता. जूनमध्ये त्या सिनेटच्या समितीपुढे बसल्या तेव्हा आजार बळावलेला होता. दुसऱ्याने मारलेल्या विषापासून आपले घर सुरक्षित राहणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे त्यांनी तिथे मांडले. ही औषधे धोका समजू शकणाऱ्यांनाच विकावीत, अशीही मागणी केली.

१४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६व्या वर्षी, त्या गेल्या. २,४,५-टी या तणनाशकात डायॉक्सिन हे जहाल विष मिसळलेले असते, हा बोभाटा त्यांच्यामागे झाला. प्रयोगातल्या उंदरांच्या पिलांत जन्मजात व्यंगे दिसल्यावर १९७०मध्ये अमेरिकेने त्याच्या वापरावर पहिली गदा आणली, त्यात घराभोवतीचा वापर होता. २,४-डी आजही दुकानात मिळते.