रेव्हरंड नीळकंठशास्त्री गोऱ्हे

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी घराण्यांनी सेनानी दिले, कारभारी दिले, तसे वादपटू पंडितही दिले. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे त्यांपैकीच. झाशीजवळील काशीपुरा येथे १८२५ साली एका चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि काशीत त्यांची विद्या बहरली. जॉन म्यूर यांनी 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व मांडले, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरील नीळकंठशास्त्र्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून त्याचे खंडन केले. जन्मतःच वाट्याला येणारे दुःख पूर्वकर्मावाचून कसे उलगडावे, हा त्यांचा प्रश्न सहज बाजूला सारण्याजोगा नव्हता.

मात्र प्रतिपक्षाचा अभ्यास करता करता खंडनकर्त्याचेच मन डळमळले. विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी त्यांचा दीर्घ वाद चालला आणि अखेर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'नेहेम्या' हे नाव तेव्हाचे. या निर्णयाची किंमत घराने मोजली. १८५३ मध्ये कन्या एलन लक्ष्मी जन्मली. आई लवकरच निवर्तली आणि मुलगी परक्यांच्या छायेत, पुढे इंग्लंडात वाढली. शास्त्रीबोवा स्वतः १८५४ साली महाराजा दुलीपसिंग यांचे शिक्षक म्हणून विलायतेस जाऊन आले.

त्यांचे धर्मप्रवचन म्हणजे मुख्यतः शास्त्रार्थच. श्रोत्यांना गहिवर आणणे हा त्यांचा पिंड नव्हता. १८६० च्या 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात त्यांनी वेदान्ताच्या पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक सत्तांवर नैयायिकाच्या काटेकोरपणे हल्ला चढविला. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य होण्यासारखे नाहीत. परंतु पूर्वपक्ष ठाऊक असलेला असा विरोधक त्या काळी विरळाच होता.

१८७० मध्ये त्यांना धर्मगुरूची पूर्ण दीक्षा मिळाली. ऑक्सफर्डच्या काउली संघात ते उमेदवार म्हणून राहिले, पण अखेरची शपथ त्यांनी कधीच घेतली नाही. संशय हा त्यांचा जन्माचा सोबती. अनंतकाळच्या नरकशिक्षेचा प्रश्न ख्रिस्ती झाल्यावरही त्यांना छळीत राहिला. अंगावर विरक्ताचे साधेपण आणि मनात ही तळमळ, अशा या वृद्धाने पुण्यात प्रार्थनासमाजाच्या विद्वानांशी वाद घातले. पंडिता रमाबाई १८८३ साली ख्रिस्ती झाल्या, त्यामागे त्यांच्या ग्रंथांचा व पत्रांचा मोठा वाटा होता. रमाबाईंच्या चर्चेत हे नाव अनेकदा गळते, ही खेदाची गोष्ट आहे.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'तील भूमिका त्यांनी स्वतःच सोडली, तो ग्रंथ मात्र १९५१ मध्ये आपल्या शेजारच्या उज्जयिनीत, सिंदिया प्राच्यविद्या संस्थेने स. ल. कात्रे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला.