गॅरी किल्डॉल

गॅरी आर्लेन किल्डॉल (१९ मे १९४२, सिअ‍ॅटल – ११ जुलै १९९४, मॉन्टरे, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. मायक्रोप्रोसेसरसाठी उच्चस्तरीय भाषा व तिचा कंपायलर तयार करणाऱ्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते. सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमचे ते जनक होत.

जीवन

किल्डॉल कुटुंबाची सिअ‍ॅटलमध्ये नौकानयन शिकवणारी शाळा होती. गणिताचे शिक्षक होण्याच्या इच्छेने ते वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाले आणि तेथे संगणकाकडे वळले. पुढे नौदलाच्या सेवेनिमित्त ते मॉन्टरे येथील नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये अध्यापन करू लागले. १९७२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

कंपायलरविषयक कार्य

इंटेलने १९७१ मध्ये ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. अशा चिपसाठीचे प्रोग्राम तेव्हा असेंब्ली भाषेत लिहावे लागत. इंटेलचे सल्लागार या नात्याने किल्डॉल यांनी १९७३ मध्ये पीएल/एम ही भाषा सिद्ध केली. तिचा फोरट्रानमध्ये लिहिलेला कंपायलर मोठ्या संगणकावर चाले व छोट्या चिपसाठी यंत्रभाषा तयार करी. मायक्रोकंट्रोलरसाठी सी भाषेत लिहिलेले प्रोग्राम आजही बहुधा याच रीतीने दुसऱ्या संगणकावर कंपाइल होतात.

त्याच वर्षी त्यांनी प्रोग्राममधील मूल्यांचा प्रवाह तपासण्याची गणिती पद्धत मांडली. अशा विश्लेषणामुळे कंपायलरला अनावश्यक सूचना गाळता येतात. मेमरी अपुरी असलेल्या चिपमध्ये ही काटकसर मोलाची ठरते. मात्र प्रोग्रामच्या ओघात न दिसणारा बदल कंपायलर गृहीत धरत नाही. त्यामुळे इंटरप्टमध्ये बदललेले चल मुख्य प्रोग्रामला जुनेच भासू शकते. सी शिकणाऱ्यांना हमखास पडणाऱ्या या कोड्यावरील उपाय म्हणजे त्या चलाच्या घोषणेत व्होलाटाइल हा शब्द लिहिणे.

सीपी/एम

१९७४ मध्ये किल्डॉल यांनी सीपी/एम तयार केली. यंत्रागणिक बदलणारा भाग त्यांनी बायॉस या नावाने वेगळा ठेवल्याने ती अनेक संगणकांवर चालू शकली. पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी डिजिटल रिसर्च ही कंपनी स्थापन केली. १९८० मध्ये आयबीएमशी झालेल्या बोलण्यांतून करार झाला नाही व मायक्रोसॉफ्टची प्रणाली पुढे आली. आयबीएमने नंतर सीपी/एमही विकायला ठेवली. परंतु तिची किंमत २४० डॉलर, तर प्रतिस्पर्धी प्रणालीची ४० डॉलर होती.

वारसा

हुकलेल्या करारामुळे किल्डॉल यांचे नाव अधिक घेतले जाते; तथापि त्यांची विश्लेषणपद्धती कंपायलरच्या अभ्यासक्रमात आजही शिकवली जाते. डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर वयाच्या ५२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सीपी/एमच्या गौरवार्थ २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह येथे आयईईईने स्मृतिफलक बसवला.