चीनच्या दर्यावर ग्वाल्हेरची नौका

ग्वाल्हेर-लष्करच्या जुन्या वाड्यांतून कै. माधवराव महाराजांच्या आठवणी निघाल्या, की दोन गोष्टी हमखास ऐकावयास मिळत. एक, जयविलासात मेजवानीच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी. दुसरी, महाराज चीनच्या लढाईवर गेले होते ही. आगगाडीची गोष्ट आम्हां मुलांना पुरती समजे; चीनची मात्र अर्धीच राही. महाराजांनी स्वखर्चाने रुग्णनौका दिली, तिला ग्वाल्हेरचे नाव होते, एवढे सांगून वडीलमंडळी थांबत. लढाई कोणाशी आणि कशासाठी, हे मीही कधी विचारले नाही. पुढे वाचनात ते आले, आणि तेव्हापासून महाराजांच्या चरित्रातील हे पान मला सहज उलटता आलेले नाही.

माधवरावांचा जन्म १८७६ चा. १८८६ साली वडील जयाजीराव महाराज वारले, तेव्हा दहाव्या वर्षी ते गादीवर आले. १८९४ पर्यंत कारभार मंडळाच्या हाती होता. अधिकार मिळताच या तरुण राजाने कामाचा जो सपाटा लावला, तो पाहून जुने मानकरी थक्क झाले. प्रत्येक खात्याचे दप्तर स्वतः पाहावे, रेल्वेचे रूळ टाकावेत, शाळा काढाव्यात, बंधारे बांधावेत, असा त्यांचा स्वभाव. हौस आणि शिस्त यांचा असा मेळ संस्थानिकांत क्वचितच दिसे.

अशा ऐन उमेदीत १९०० साल उजाडले. चीनच्या उत्तर भागात, शांतुंग आणि चिहली प्रांतांत, दुष्काळाने शेतकरी गांजला होता. १८९७ मध्ये जर्मनीने शांतुंगचा किनारा बळकावला होता. परकी मिशनरी गावोगावच्या तंट्यांत हात घालीत आणि त्यांच्यामागे परकी तोफा उभ्या असत. यातून यीहेत्वान नावाचे लोकांचे बंड उसळले. मुष्टियुद्धाच्या कवायती करणाऱ्या या लोकांना परदेशी माणसे बॉक्सर म्हणत. मंत्रतंत्राने अंगाला गोळी लागत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी मिशनऱ्यांना मारले, आणि त्याहून कितीतरी अधिक ख्रिस्ती झालेल्या आपल्याच देशबांधवांना मारले. जूनमध्ये पेकिंगमधील वकिलातींना वेढा पडला व तो ५५ दिवस चालला. राजमाता त्सूशी यांनी बंडवाल्यांची बाजू घेतली. मग इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, रशिया, जपान, अमेरिका, इटली व ऑस्ट्रिया अशी आठ राष्ट्रे एकवटली.

इंग्रजांच्या बाजूने लढावयास गेलेले बहुतेक शिपाई हिंदीच होते. १४ ऑगस्ट रोजी तटाखालच्या पाण्याच्या मोरीतून पहिल्याने वकिलातींपर्यंत पोहोचले ते त्यांच्यापैकीच. या फौजेचे सेनापती जनरल गॅसेली, आणि त्यांच्या तैनातीत अधिकारी म्हणून गेले आमचे महाराज. वय अवघे चोवीस. जोधपूरचे सर प्रतापसिंग आणि बिकानेरचे गंगासिंग हेही या मोहिमेत होते.

वेढा उठला, पण मोहीम संपली नाही. पेकिंग लुटले गेले. आसपासच्या खेड्यांवर महिनोन् महिने शिक्षेच्या स्वाऱ्या निघाल्या. १९०१ च्या तहाने चीनवर ४५ कोटी तैल चांदीचा दंड बसला, तोही व्याजासह ३९ वर्षांत फेडावयाचा. राजपूत पलटणीतील ठाकूर गदाधरसिंग यांनी या मोहिमेवर हिंदीत ग्रंथ लिहिला. शत्रू म्हणून ज्यांच्यावर चालून गेलो, त्यांची जळलेली घरे पाहून या शिपायाचे मन कळवळले होते.

महाराजांना तेथे काय वाटले असेल? मला राहून राहून त्यांच्या वडिलांची आठवण होते. १ जून १८५८ रोजी मोरारला जयाजीरावांची फौज तात्या टोपे व राणी लक्ष्मीबाई यांना जाऊन मिळाली आणि महाराजांना आग्र्याकडे निघून जावे लागले. वीस दिवसांच्या आत इंग्रजांनी ग्वाल्हेर घेतले, जयाजीरावांना पुन्हा गादीवर बसविले. किल्ला मात्र १८८६ पर्यंत इंग्रजांकडेच राहिला. ज्या घराण्याची गादी परक्या फौजेने बंड मोडून परत मिळवून दिली, त्याच घराण्याचा राजपुत्र दुसऱ्या देशातील बंड मोडणाऱ्या परक्या फौजेबरोबर गेला. न जाणे त्याला शक्य होते काय, हा प्रश्न आपण घरबसल्या विचारू शकतो. त्याच्यापुढे रेसिडेंट बसलेला होता. तरी एक गोष्ट त्याच्या हातची होती. त्याने दिलेली नौका जखमींसाठी होती.

१९१४ साली महायुद्ध पेटल्यावर महाराजांनी पुन्हा रुग्णनौका दिली. कॅनडाहून चीन-जपानकडे उतारू नेणारे एक जुने जहाज त्यांनी विकत घेतले आणि त्याचे नाव ठेवले लॉयल्टी, म्हणजे राजनिष्ठा. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी यांच्या नव्या कंपनीने ते घेतले आणि शिंद्यांचेच नाव स्वतःला लावले. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. परक्या कंपन्यांची मक्तेदारी मोडण्याची ही सुरुवात होती. राष्ट्रीय सागरी दिन याच तारखेला पाळला जातो.

महाराज ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये वारले. शिवपुरीला मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोर त्यांची छत्री आहे. तेथे गेलो की मी हात जोडतो, आणि चीनच्या त्या खेड्यांचीही आठवण ठेवतो. आमच्या मुलांना गोष्ट सांगताना आता मी नौकेपाशी थांबत नाही. ती कोणत्या लढाईस गेली होती, तेही सांगतो.