तेलातून वाहणारी शक्ती : हर्मान फोटिंगर

प्रस्तावना

जबलपूर शहराच्या पूर्वेस खमरिया ही वसाहत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे आयुध निर्माणी उभी राहिली. पुढे १९६९ साली जबलपुरातच वाहन निर्माणी सुरू झाली व 'शक्तिमान' हे लष्करी ट्रक तेथे तयार होऊ लागले. चिखल, वाळू आणि खडी चढण यांतून अवजड ट्रक नेताना क्लच घासून जळतो, ही अडचण चालकांना व कारागिरांना चांगली परिचित आहे. या अडचणीवरील एक उत्तर एका जर्मन अभियंत्याने शोधले. विशेष म्हणजे, ते ट्रकसाठी नव्हे, तर जहाजासाठी शोधलेले होते. प्रस्तुत पाठात त्या अभियंत्याचा परिचय करून दिला आहे.

पाठ

हर्मान फोटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे झाला. म्युनिकच्या तंत्रविद्यालयात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १८९९ साली ते श्टेटिन बंदरातील व्हल्कन या जहाजबांधणी कारखान्यात रुजू झाले. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. विजेचे शिक्षण घेतलेला हा तरुण जहाजांच्या इंजिनांत रमला. फिरणाऱ्या दांड्याला किती पीळ पडतो, हे मोजून जहाजाच्या पंख्यापर्यंत प्रत्यक्षात किती शक्ती पोहोचते, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला.

त्या काळी जहाजांवर वाफेची टर्बाइने येऊ लागली होती. टर्बाइन वेगाने फिरले तरच चांगले काम देते. पाण्यातील पंखा मात्र सावकाश फिरला तरच जहाजाला नीट रेटतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा मोठा पेच होता. प्रचंड शक्ती पेलणारी दातेरी चाके अचूक बनवणे तेव्हा अवघड होते. शिवाय टर्बाइन उलटे फिरत नसल्यामुळे जहाज मागे घेण्याचीही अडचण होती. टर्बाइनने वीज निर्माण करून त्या विजेवर पंखा फिरवावा, हा पर्याय फोटिंगर यांनी तपासला; पण ती यंत्रे फार अवजड होत होती. तेव्हा विजेचे काम द्रवाकडून करून घेण्याचे त्यांच्या मनात आले. टर्बाइनने एक पंप फिरवावा आणि पंपाने फेकलेल्या पाण्यावर दुसरे चक्र फिरवावे, ही कल्पना सरळ होती. मात्र पंप आणि चक्र दूर ठेवले, तर मधल्या नळ्यांतच पुष्कळ शक्ती वाया जाते. फोटिंगर यांनी नळ्या काढून टाकल्या व दोन्ही चक्रे एकाच बंद पेटीत समोरासमोर बसवली. २४ जून १९०५ या तारखेपासून त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले. हाच आजचा टॉर्क कन्व्हर्टर होय.

त्याचे कार्य समजून घेणे कठीण नाही. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याऐवजी द्रव असतो, मोटारीत तेल असते. इंजिनाला जोडलेले पंपचक्र तेल फेकते व गिअरबॉक्सला जोडलेले टर्बाइनचक्र त्या तेलाने फिरते. दोहोंमध्ये तिसरे स्थिर चक्र असते. ते परतणाऱ्या तेलाला योग्य दिशेने वळवते. त्यामुळे गाडी निघताना चाकांकडे जाणारा पीळ इंजिनाच्या पिळाहून जास्त होतो. धातूवर धातू घासत नसल्याने झिजही थोडी होते.

या शोधाची पहिली वाटचाल मात्र खडतर ठरली. १९१३ साली बांधलेल्या 'क्योनिगिन लुइझे' या प्रवासी जहाजावर हे यंत्र बसवण्यात आले. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. सुरुंग पेरण्याच्या कामाला लावलेले हे जहाज ५ ऑगस्ट १९१४ रोजी इंग्रज युद्धनौकांनी बुडवले. दरम्यान दातेरी चाके अचूक बनू लागली. त्यांच्यात शक्तीचा ऱ्हास कमी होत असल्यामुळे जहाजांनी तीच स्वीकारली. ज्या कामासाठी शोध लागला, त्याच कामातून तो मागे पडला.

फोटिंगर यांनी मात्र द्रवाचा अभ्यास सोडला नाही. १९०९ पासून डान्त्सिग येथे आणि १९२४ पासून बर्लिन येथे त्यांनी प्राध्यापक म्हणून कार्य केले. त्यांच्या तत्त्वाला पुढे रस्त्यावर नवे जीवन लाभले. १९३० च्या सुमारास इंग्लंडमधील डेमलर मोटारींत द्रवजोड आला, तर १९४८ साली अमेरिकेतील ब्युइक मोटारींत टॉर्क कन्व्हर्टर बसवला गेला. मोटारींतील हे यश पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. बर्लिनमध्ये घनघोर लढाई चालू असताना २८ एप्रिल १९४५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांत युरोपातील युद्ध संपले.

आज खाणींतील डंपर आणि आडवाटेने जाणारे कित्येक ट्रक याच तत्त्वावर चालतात. जुना गिअरबॉक्स काढून स्वयंचलित गिअरबॉक्स बसवणाऱ्या कारागिराला फोटिंगर यांचाच पेच नव्याने सोडवावा लागतो. चाके अडली असता इंजिन जास्तीत जास्त किती फेऱ्यांपर्यंत जाते, हे तो पाहतो. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देते, म्हणून त्याला कमी फेऱ्यांवर पकडणारा कन्व्हर्टर मानवतो. तो फार सैल निवडला, तर तेल व्यर्थ घुसळले जाऊन तापते. फार घट्ट निवडला, तर इंजिन दबते. चढणीवर संथ चालताना तेल अधिकच तापते, म्हणून ते थंड करण्याची वेगळी सोय करावी लागते. इंजिन, कन्व्हर्टर आणि गिअरबॉक्स यांचा मेळ जमला, तरच ट्रक चिखलातून निघतो. शक्ती नुसती असून भागत नाही, ती योग्य वेगाने योग्य जागी पोहोचवावी लागते, हेच फोटिंगर यांच्या कार्याचे सार आहे.

शब्दार्थ

पेच – अवघड प्रश्न
ऱ्हास – घट, नाश
द्रवजोड – द्रवाच्या साहाय्याने दोन दांडे जोडणारे साधन

स्वाध्याय

१. टर्बाइन व जहाजाचा पंखा यांचा मेळ का बसत नव्हता?
२. पंप व चक्र एकाच पेटीत बसवल्याने कोणता लाभ झाला?
३. जहाजांतून मागे पडलेला शोध पुढे कोठे उपयोगी पडला, ते आपल्या शब्दांत लिहा.